चार सुरांचा शुक्राना

रमजानच्या पानावर एका अमेरिकन सॅक्सोफोनवादकाचे चरित्र कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. मुसलमान वाचकांना तो जरा जास्तच पडेल, कारण या महिन्यात आमच्या अनेक घरांत गाणे-बजावणे बंद असते. संगीत जायज की नाजायज, हा आमच्याकडचा जुना वाद आहे आणि तो आज या पानावर मिटणार नाही. पण रमजान हा जसा भूक-तहान सोसण्याचा महिना आहे, तसाच तो तौबा आणि शुक्र या दोन शब्दांचा महिना आहे. तौबा म्हणजे चुकीच्या वाटेवरून मागे फिरणे आणि शुक्र म्हणजे मागे फिरता आले याबद्दल आभार मानणे. ज्या माणसाने हे दोन्ही आपल्या वाद्यातून केले, त्याची गोष्ट या दिवसांत आठवली, तर त्यात वावगे काही नाही.

त्या माणसाचे नाव जॉन कोल्ट्रेन. तो जाऊन अर्धे शतक उलटून गेले. ९ डिसेंबर १९६४ च्या संध्याकाळी त्याने आणखी तीन वादकांना सोबत घेऊन एक ध्वनिमुद्रण केले. सगळे मिळून जेमतेम तेहतीस मिनिटांचे. त्याचे नाव 'अ लव्ह सुप्रीम', म्हणजे परमोच्च प्रेम. जाझ संगीत आपल्या कानाला परके नाही. १९५१ च्या 'अलबेला'मध्ये सी. रामचंद्रांच्या गाण्यांना ज्याच्या ट्रम्पेटची साथ होती, तो गोव्याचा चिक चॉकलेट मुळात मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवणारा. तो झगमगाट आपण ऐकलेला आहे. कोल्ट्रेनच्या या तबकडीत मात्र झगमगाट नाही. तिथे एक माणूस देवासमोर उभा आहे आणि हिशेब देतो आहे.

धर्मोपदेशकाच्या घरातले पोर

२३ सप्टेंबर १९२६ रोजी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील हॅम्लेट या लहान गावी कोल्ट्रेनचा जन्म झाला. तो जेमतेम काही महिन्यांचा असताना कुटुंब त्याच राज्यातल्या हाय पॉइंट या गावी आले. वडील शिंपी होते. दिवसभर कपडे शिवायचे आणि सवड मिळाली की घरच्या घरी व्हायोलिन वाजवायचे. आजोबा, म्हणजे आईचे वडील, कृष्णवर्णीयांच्या चर्चचे धर्मोपदेशक. त्यांच्याच घरात हे कुटुंब राहत होते. त्या काळी त्या भागात गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी. बसमधली जागा वेगळी, पाण्याचा नळही वेगळा. काळ्या माणसाला मान ताठ करून उभे राहता येईल अशी हक्काची जागा एकच, ती म्हणजे चर्च. प्रवचनाचा चढता-उतरता सूर, मध्येच उठणारा लोकांचा होकार, एकाने म्हणायचे आणि सगळ्यांनी उचलून धरायचे, हे सगळे त्या मुलाच्या कानात लहानपणीच मुरले.

मुलगा बारा वर्षांचा झाला आणि घरावर आभाळ कोसळले. अवघ्या काही महिन्यांत मावशी, आजोबा आणि वडील असे तिघे गेले. कमावते हात उरले नाहीत. आई मोलकरणीचे काम करायला उत्तरेकडच्या शहरांत निघून गेली आणि मुलगा नातलगांकडे राहिला. याच सुमारास त्याने गावातल्या बँडमध्ये वाजवायला सुरुवात केली. आधी क्लॅरिनेट, मग सॅक्सोफोन. पोरका झालेला मुलगा एखाद्या गोष्टीला घट्ट धरून बसतो, तसे त्याने वाद्याला धरले. ते पुढे आयुष्यभर सोडले नाही.

१९४३ मध्ये शाळा संपवून तो फिलाडेल्फियाला आला. आईने त्याला जुना सॅक्सोफोन घेऊन दिला. दिवसा साखरेच्या कारखान्यात काम आणि उरलेल्या वेळेत संगीताची शाळा. १९४५ मध्ये नौदलात भरती झाला. तो दिवस नेमका ६ ऑगस्टचा, हिरोशिमावर बॉम्ब पडला तोच. हवाई बेटांवर वर्षभर नौदलाच्या बँडमध्ये वाजवून तो परतला. त्याआधीच त्याने चार्ली पार्करला प्रत्यक्ष ऐकले होते आणि त्या वादनाने त्याची झोप उडाली होती. पार्कर हा त्या पिढीचा देव. दुर्दैवाने हा देव हेरॉइनच्या नशेत बुडालेला होता.

नशेची दहा वर्षे

पार्करसारखे वाजवायचे तर पार्करसारखे जगले पाहिजे, असे त्या काळातल्या किती तरी तरुण वादकांना वाटे. त्यात रात्रीची कामे, क्लबचे वातावरण, वर्णद्वेषाचा रोजचा जाच आणि प्रवासाचा शीण. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस कोल्ट्रेनच्या हातात सुई आली. सुई नसेल तेव्हा दारू. डिझी गिलेस्पीसारख्या मोठ्या कलावंताच्या बँडमध्ये त्याला जागा मिळाली होती, ती गेली. १९५४ मध्ये जॉनी हॉजेस या नामवंत सॅक्सोफोनवादकाने त्याला ठेवून घेतले, तेही काम नशेपायी सुटले.

१९५५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. माइल्स डेव्हिसने त्याला आपल्या पाच जणांच्या संचात घेतले. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने हुआनिता ग्रब्ज हिच्याशी लग्न केले. तिने इस्लाम स्वीकारला होता आणि नईमा हे नाव घेतले होते. तिला सईदा नावाची लहान मुलगी होती. कोल्ट्रेनने तिला आपली मुलगी मानले.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळात अमेरिकेतले अनेक कृष्णवर्णीय जाझ कलावंत मुसलमान झाले होते. ड्रमवादक आर्ट ब्लेकीने अब्दुल्ला इब्न बुहैना हे नाव घेतले. युसुफ लतीफ, अहमद जमाल, साहिब शिहाब ही नावे जाझच्या रसिकांना पाठ आहेत. ज्या देशात कातडीच्या रंगावरून माणसाला मागच्या दाराने यायला सांगत, तिथे सगळ्यांना एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभे करणारी नमाज त्यांना जवळची वाटली. कोल्ट्रेनच्या भोवती ही माणसे होती, त्याच्या घरात नईमा होती आणि त्यांच्याशी त्याचे बोलणे चाले. तो स्वतः मात्र मुसलमान झाला नाही.

माइल्सच्या संचात त्याचे नाव झाले, पण नशा सुटली नाही. मळके कपडे, रंगमंचावर लागणारी डुलकी, उशिरा येणे. १९५७ च्या वसंतात माइल्सनेही त्याला काढून टाकले. वय तीस. पदरात बायको आणि मुलगी. हातात नाव होते, पण काम नव्हते.

त्याने फिलाडेल्फियातल्या आईच्या घराचा आश्रय घेतला आणि स्वतःला एका खोलीत बंद करून घेतले. नशा सोडायची, तीही एकदम. दवाखाना नाही, औषध नाही. खायला काही नको, फक्त पाणी द्या, एवढेच त्याचे घरच्यांकडे मागणे होते, असे सांगितले जाते. नईमा आणि आई दाराबाहेर. हेरॉइन सोडताना शरीर जे भोगते, त्याचे वर्णन इथे करत नाही. ज्यांच्या घरात असा माणूस आहे, त्यांना ते माहीत आहे, आणि ज्यांच्या घरात नाही, त्यांनी शुक्र मानावा. हेही सांगायला हवे की आज कोणी असा एकट्याने प्रयोग करू नये. आता डॉक्टर आहेत, व्यसनमुक्ती केंद्रे आहेत. कोल्ट्रेनकडे त्या खोलीशिवाय आणि दाराबाहेरच्या दोन बायकांशिवाय काही नव्हते.

तो बाहेर आला तेव्हा नशा सुटलेली होती. नंतर त्याने लिहून ठेवले की १९५७ मध्ये ईश्वराच्या कृपेने त्याला आतून जाग आली आणि तेव्हा त्याने देवाकडे एकच गोष्ट मागितली. आपल्या संगीतातून लोकांना आनंद देण्याची पात्रता आणि संधी मिळावी, एवढीच.

मागणे आणि आभार यांच्यामधली साडेसात वर्षे

कोल्ट्रेनची गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथून थेट १९६४ वर उडी मारतात. खोलीत गेला, देव भेटला, बाहेर आला आणि महान तबकडी केली. ऐकायला छान वाटते, पण आयुष्य असे नसते. त्या खोलीपासून या तबकडीपर्यंत साडेसात वर्षे गेली, आणि माझ्या मते खरी गोष्ट त्या वर्षांचीच आहे.

१९५७ च्या उन्हाळ्यात तो न्यूयॉर्कच्या एका छोट्या क्लबमध्ये थेलोनियस मंक या विलक्षण पियानोवादकासोबत रोज रात्री वाजवू लागला. शुद्धीवर असलेला कोल्ट्रेन काय करू शकतो, हे लोकांनी पहिल्यांदा तिथे पाहिले. १९५८ च्या सुरुवातीला माइल्सने त्याला परत बोलावले. १९५९ मधली 'काइंड ऑफ ब्लू' ही जगप्रसिद्ध तबकडी याच काळातली. त्याच वर्षी त्याने स्वतःच्या 'जायंट स्टेप्स'साठी धुना बांधल्या, त्यांतली एक बायकोच्या नावाने 'नईमा', दुसरी मुलीच्या नावाने आणि तिसरी लहानपणी सोबत वाढलेल्या मेरी या बहिणीच्या नावाने. संकटात जे दाराबाहेर उभे राहिले, त्यांची आठवण त्याने ठेवली.

रियाझ तर वेडासारखा. कार्यक्रमाच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेतही तो आत जाऊन वाजवत बसे. रात्री कोणाची झोपमोड होणार असेल, तर न फुंकता नुसती बोटे चालवायची. वाद्य हातात धरूनच झोप लागायची. १९६० मध्ये त्याने स्वतःचा संच उभा केला आणि एका लोकप्रिय नाट्यगीताच्या चालीवर सोप्रानो सॅक्सोफोनवर केलेल्या 'माय फेव्हरिट थिंग्ज'ने त्याला घरोघरी पोहोचवले. संचात पियानोवर मॅकॉय टायनर, ड्रमवर एल्विन जोन्स आणि पुढे बासवर जिमी गॅरिसन आले. या चौघांचे जे जमले, ते जाझच्या इतिहासात क्वचितच कुणाचे जमले असेल. यातला टायनर किशोरवयातच मुसलमान झालेला होता. सुलेमान सऊद हे त्याचे नाव.

याच वर्षांत कोल्ट्रेन भारताकडे वळला. पंडित रविशंकर यांच्या तबकड्या तो मन लावून ऐके. १९६१ मध्ये त्याने 'इंडिया' नावाची रचना वाजवली. पुढे दोघांची भेट झाली आणि पंडितजींनी त्याला रागसंगीताची तोंडओळख करून दिली. इतका शांत, निर्व्यसनी माणूस आणि त्याच्या संगीतात इतकी खळबळ का, याचे पंडितजींना नवल वाटे. अधिक शिकण्याचा बेत ठरला होता, तो पुरा झाला नाही. १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव मात्र कोल्ट्रेनने रवी ठेवले. हा रवी कोल्ट्रेन आज स्वतः नावाजलेला सॅक्सोफोनवादक आहे.

खळबळीची कारणे बाहेरही होती. १५ सप्टेंबर १९६३, रविवार. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी ठेवलेला बॉम्ब फुटला आणि चार मुली ठार झाल्या. प्रार्थनेला आलेल्या मुली. कोल्ट्रेनने दोन महिन्यांनी 'अलाबामा' ही रचना वाजवली. तिच्यात आरोळी नाही, घोषणा नाही. मयताच्या घरी वडीलधारे हळू आवाजात बोलतात, तसा तो सॅक्सोफोन बोलतो.

आणि कारणे घरातही होती. ज्या नईमाने त्याला त्या खोलीतून सावरून बाहेर काढले, तिच्यापासून तो १९६३ च्या उन्हाळ्यात वेगळा झाला. पुढे त्याने पियानोवादक अ‍ॅलिस मॅकलिऑड हिच्याशी संसार मांडला. चरित्र लिहायचे तर हे झाकून चालत नाही. वाचलेला माणूस संत होतोच असे नाही. त्याच्या हातूनही कुणाचे तरी मन मोडते. स्वतः कोल्ट्रेनने तबकडीसोबतच्या पत्रात कबूल केले आहे की १९५७ च्या प्रतिज्ञेनंतर मध्ये असा काळ आला, जेव्हा तो डळमळला आणि त्या वाटेवरून ढळला. लोकांनी आपल्याला देवमाणूस समजावे असे वाटणारा माणूस हे वाक्य गाळून टाकतो. त्याने ते गाळले नाही.

तेहतीस मिनिटे

१९६४ मध्ये त्याने न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर डिक्स हिल्स येथे घर घेतले. त्या उन्हाळ्याच्या अखेरीस तो वरच्या मजल्यावरच्या खोलीत काही दिवस एकटाच बसून राहिला, हातात कागद आणि वाद्य. खाली तान्हे मूल आणि अ‍ॅलिस. खाली उतरला तेव्हा तो इतका शांत दिसत होता की अ‍ॅलिसला पर्वतावरून उतरणाऱ्या मोझेसची, म्हणजे आमच्या हजरत मूसांची, आठवण झाली. संपूर्ण संगीत आपल्याला एकत्रच मिळाले, असे त्याने तिला सांगितले. सात वर्षांपूर्वी तो एका खोलीत हरलेला म्हणून शिरला होता. आता दुसऱ्या खोलीतून तो आभाराचा कागद घेऊन बाहेर आला.

न्यू जर्सीतील एंगलवूड क्लिफ्स येथे रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाचा स्टुडिओ होता. उंच लाकडी छताचा, काहीसा चर्चसारखाच. त्या डिसेंबरच्या संध्याकाळी दिवे मंद केले गेले. कोल्ट्रेनने साथीदारांना फारसे काही सांगितले नाही. इतकी वर्षे एकत्र वाजवल्यावर सांगण्यासारखे उरले तरी काय होते? एकाच बैठकीत काम झाले.

ही तबकडी पहिल्यांदा ऐकणाऱ्याने घाबरू नये. तिचे चार भाग आहेत आणि चारही नावांत तिचा अर्थ आहे. पहिला 'अ‍ॅक्नॉलेजमेंट', म्हणजे कबुली. सुरुवातीला मोठ्या थाळीचा घणघणाट होतो, सॅक्सोफोन अजान किंवा काकड्याची हाक यावी तसा उंच सूर लावतो आणि थांबतो. मग बास, म्हणजे माणसाच्या उंचीचे ते तंतुवाद्य, चार सुरांचा एक तुकडा वाजवू लागते. एवढासा तुकडा, कुणालाही गुणगुणता येईल असा. सगळी इमारत या चार सुरांवर उभी आहे.

कोल्ट्रेन आपले वादन करतो, चढतो, उतरतो, आणि शेवटी एक विलक्षण गोष्ट करतो. तोच चार सुरांचा तुकडा तो वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजवत सुटतो. पेटी वाजवणाऱ्यांना हे लगेच कळेल. काळी एक, पांढरी दोन, काळी चार असे करत तो बाराच्या बारा पट्ट्या पालथ्या घालतो. खाली बास आपल्या जागेवर तसाच आहे, वर हा प्रत्येक दारावर तेच चार सूर वाजवून येतो. ऐकणाऱ्याला आधी वाटते, हा वाट चुकला. मग लक्षात येते, त्याला सांगायचे आहे की कुठल्याही पट्टीत जा, नाव तेच आहे. आणि हे समजेपर्यंत वाद्य थांबते आणि माणसाचा आवाज येतो. कोल्ट्रेनचाच. तो तबकडीचे नाव त्या चार सुरांवर जपासारखे म्हणत राहतो. आपल्याकडे दिंडीत नामाचा गजर चालतो, दर्ग्यात जिक्र चालतो, त्याच जातीचे ते आहे. जप चालू असतानाच पट्टी एक पायरी खाली उतरते आणि पुढच्या भागाचे दार उघडते.

दुसरा भाग 'रेझोल्यूशन', म्हणजे निश्चय. सुरुवातीला बास एकटा बोलतो आणि मग सॅक्सोफोन एकदम पूर्ण ताकदीने कोसळतो. तिसरा 'पर्स्युअन्स', म्हणजे ध्यास. तो एल्विन जोन्सच्या ड्रमने सुरू होतो. हा नुसता ठेका धरणारा वादक नाही. एकाच वेळी तीन-चार लयी त्याच्या हातापायांतून चालू असतात. चौघे जण धावत सुटतात. टायनरचा पियानो, मग कोल्ट्रेन, आणि धाव संपल्यावर उरतो तो गॅरिसनचा एकटा बास, कितीतरी वेळ, रात्री उशिरा कोणी स्वतःशी बोलावे तसा.

आणि मग चौथा भाग, 'साम', म्हणजे स्तोत्र. हजरत दाऊदांना मिळालेल्या ज्या ग्रंथाला आम्ही जबूर म्हणतो, त्यातील प्रार्थनांना इंग्रजीत हेच नाव आहे. इथे ताल नाही. नगाऱ्यासारखी वाद्ये दूरवर गडगडतात आणि सॅक्सोफोन सावकाश, थांबत थांबत बोलतो. बोलतो म्हणजे अक्षरशः बोलतो. कोल्ट्रेनने एक प्रार्थना-कविता लिहिली होती, ती तबकडीच्या वेष्टनावर छापली आहे. चौथ्या भागात तो तीच कविता शब्द-शब्द सॅक्सोफोनवर वाचतो आहे. कविता समोर ठेवून ऐकले तर ओळीमागून ओळ जुळत जाते. देवाचे आभार मानणारे शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येक वेळी सूर खाली उतरतो, मान झुकावी तसा. अभ्यासकांनी हे उलगडून दाखवल्यानंतर ही तबकडी पुन्हा नव्याने ऐकली गेली.

सारी स्तुती ईश्वराची, असा आशय त्या कवितेत अनेकदा येतो. युसुफ लतीफ यांना त्यात कुरआनच्या पहिल्या अध्यायाचा, अल-फातिहाचा, भाव दिसला. प्रत्येक नमाजीच्या ओठांवर रोज असणारा तो अध्याय ईश्वराच्या स्तुतीनेच सुरू होतो. मलाही तो भाव जाणवतो. पण म्हणून कोल्ट्रेन आमचा, असे म्हणण्याचा मोह मी आवरतो. त्याच्या आजोबांच्या चर्चमध्ये वाढलेल्या कुणालाही त्यात रविवारचे प्रवचन ऐकू येईल. अ‍ॅलिस पुढे वेदान्ताकडे वळली, तुरीयसंगीतानंद या नावाने कॅलिफोर्नियात आश्रम चालवू लागली. तिला त्यात आणखी काही ऐकू आले असेल. सॅन फ्रान्सिस्कोत तर एका चर्चने कोल्ट्रेनलाच संत मानले आहे. त्याने स्वतः मात्र सर्व धर्मांवर आपला विश्वास आहे, असे म्हणून ठेवले. माणूस मेल्यावर त्याच्या मालकीवरून भांडण्याची आपल्या देशातही खोड आहे. कबीराच्या देहावरून झालेल्या भांडणाची कथा आपल्याला ठाऊक आहे. बारा पट्ट्यांत वाजलेला सूर एका पट्टीत कोंडू नये, एवढे तरी त्याच्याकडून घ्यावे.

शेवटची अडीच वर्षे

तबकडी १९६५ च्या सुरुवातीला बाजारात आली आणि जाझच्या मानाने फार खपली. कोल्ट्रेनच्या जागी दुसरा असता, तर त्याने त्याच चालीवर आणखी चार तबकड्या काढल्या असत्या. त्याने तसे केले नाही. ही रचना संपूर्ण स्वरूपात त्याने लोकांसमोर फार थोड्या वेळा वाजवली. त्याचे वादन अधिकाधिक मोकळे, अधिक तीव्र, ऐकायला अवघड होत गेले. श्रोते उठून जाऊ लागले. टायनर आणि जोन्सही संच सोडून गेले. त्याने कुणावर राग धरला नाही आणि वाटही बदलली नाही.

जुलै १९६६ मध्ये तो जपानच्या दौऱ्यावर गेला. नागासाकीला पोहोचल्यावर त्याने आधी अणुबॉम्बने मेलेल्यांच्या स्मारकापाशी जाऊन प्रार्थना केली. हिरोशिमाच्या दिवशी गणवेश चढवलेला तो नौसैनिक एकवीस वर्षांनी तिथे हात जोडून उभा होता. तोवर आजाराने शरीर पोखरायला सुरुवात केली असावी. १७ जुलै १९६७ रोजी यकृताच्या कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला. वय अवघे चाळीस. न्यूयॉर्कच्या चर्चमधील अंत्यविधीत त्याचीच ती प्रार्थना-कविता वाचली गेली.

वाचकहो, आमच्याकडे रमजान संपत आला की मशिदीतून एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. तीस दिवस रोजे ठेवणे तुलनेने सोपे आहे, कारण सगळा मोहल्ला सोबत असतो. सहेरीला उठवणारे असतात, इफ्तारला खजूर पुढे करणारे असतात. खरी परीक्षा ईदच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि ती अकरा महिने चालते. कोल्ट्रेनची त्या खोलीतली झुंज म्हणजे त्याचा रमजान होता असे मानले, तर त्यानंतरची साडेसात वर्षे हे त्याचे अकरा महिने होते. त्यांत तो डळमळला, घर मोडले, पुन्हा उभा राहिला, रोज तासन्‌तास रियाझ केला आणि एके दिवशी मागितलेले मिळाले होते याची पावती त्याने देवाला दिली.

आपल्या गावात नशेने पोखरलेली मुले प्रत्येक आळीत आहेत. गोळ्या, गांजा, दारू, नावे वेगळी, घरातली रड सारखीच. त्यांच्या आया मशिदीच्या दाराशीही येतात आणि देवळाच्या पायरीवरही बसतात. मुलगा चार दिवस बरा राहिला, पाचव्या दिवशी पुन्हा घसरला, की आपण त्याला हातचा गेला म्हणून सोडून देतो. कोल्ट्रेनलाही तीन बँडप्रमुखांनी सोडले होते. ते कामाच्या दृष्टीने बरोबरच होते. पण त्याच्या खोलीबाहेर दोघीजणी पाण्याचा पेला घेऊन थांबल्या होत्या. त्या तबकडीवर चार वादकांची नावे आहेत. या दोघींची नावे त्यात नाहीत, पण माझ्या कानांना त्या ऐकू येतात.

एखाद्या रात्री घर शांत झाल्यावर ही तेहतीस मिनिटे ऐका. पहिल्यांदा सगळे उमगले नाही तरी हरकत नाही. फक्त बासवरचे ते चार सूर धरून ठेवा. बाकी सगळे त्यांच्याकडेच परत येते.